त्याला उतरायचं होतं

हे खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि मी काही उठसूट घाबरणारी बाई नाही.

मी ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर माझ्या शेजारी बसून लोक क्लच सोडायला विसरतात, उजवीकडे म्हटलं की डावीकडे वळतात, समोर कुत्रं आलं की चक्क डोळे मिटून घेतात. याच्यापुढे भूत ते काय घाबरवणार, असं मी म्हणायचे.

म्हणायचे. आता नाही म्हणत.

भुताच्या गोष्टीला लागतो तसला सरंजाम यात काही नाही. मध्यरात्र नाही, पडका बंगला नाही, केस मोकळे सोडलेली बाई तर नाहीच नाही. थंडीचे दिवस. दुपार कलायला आलेली. लख्ख ऊन. आणि जागा म्हणजे पाण्याच्या मोठ्या टाकीजवळचा, हायवेवर चढायचा रॅम्प.

तो रॅम्प आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

हायवेला मधे दुभाजक. दोन्ही बाजूंना गाड्या सुसाट. आपला रॅम्प डावीकडून वर चढतो, आणि हायवेला चिकटून एक जास्तीची पट्टी सुरू होते. त्या पट्टीवर वेग वाढवायचा आणि उजवीकडे सरकून हायवेत मिसळायचं. इथवर सोपं आहे. पण टाकीजवळ हीच पट्टी थोडी पुढे जाऊन उतरायचा रॅम्प होते. म्हणजे चढणाऱ्याला पट्टीतून उजवीकडे जायचंय, आणि ज्याला हायवेवरून उतरायचंय त्याला डावीकडे, त्याच पट्टीत यायचंय.

दोघांना एकमेकांची जागा हवी असते. कुणीतरी एकाने दमानं घ्यायचं आणि दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी सगळ्यांना हेच शिकवते. उतरणारा दिसला की त्याला जागा द्या, भांडत बसू नका.

माझीच शिकवण होती ती.

आता घरचं सांगते. माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, आयुष्यभर शाळेची बस चालवत होता. अख्ख्या पिढीला त्याने शाळेत पोचवलं. पण तेव्हा त्याला ताटातला चमचाही दिसत नव्हता. डावा डोळा पूर्ण गेलाय. उजवा त्याच वाटेवर होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की उजव्या डोळ्यात ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं आणि एकही खाडा करायचा नाही. खाडा झाला, आत रक्त उतरलं, की हाही डोळा गेलाच समजा.

हॉस्पिटल हायवेने बरंच लांब. जुन्या रस्त्यावरचा पूल नुकताच दुरुस्तीला काढलेला, त्यामुळे तिकडची बस बंद. आजवर मीच त्या जुन्या रस्त्याने नेत होते. पण डॉक्टरीणबाईंचा वार बदलला, आणि तो नेमका माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा वार निघाला. परीक्षा माझ्याच गाडीत होते. त्या दिवशी मी हलू शकत नाही.

उरली वहिनी.

वहिनीकडे लायसन्स आहे. गल्लीच्या टोकापर्यंत दादाची जुनी गाडी नेऊन भाजी आणण्यापुरतं. हायवे म्हटलं की ती किल्ली माझ्या हातात देते.

"मी शिकवते तुला," मी म्हटलं. "पहिल्या खेपेला मी कशीबशी परीक्षा पुढे ढकलून शेजारी बसेन, पण एकदाच. दुसऱ्या खेपेपासून तुम्ही दोघं आणि तुमचं नशीब."

"हिच्या हातात स्टिअरिंग?" दादा म्हणाला. "मग मला दिसत नाही तेच बरंय."

वहिनीने त्याच्या हातातला चहाचा कप शांतपणे काढून घेतला. "दिसत नाही ना? मग हाही नाही दिसायचा."

असं आमचं घर. वर मी राहते, खाली ती दोघं. पुढे छोटं अंगण, त्याला लोखंडी फाटक, फाटकाबाहेर अरुंद गल्ली. भांडणं, चेष्टा, सगळं जिन्यावरून चालतं.

पहिल्या दिवशी वहिनीला माझ्या शिकवायच्या गाडीत बसवलं. तिच्यात माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो आणि माझ्यासमोर काचेवर एक जास्तीचा छोटा आरसा. त्यात मला मागचं दिसतं. आमच्या धंद्यात एक सवय लागते. रस्त्यापेक्षा शिकणाऱ्याच्या हनुवटीवर जास्त लक्ष असतं. खांद्यावरून मागे बघताना हनुवटी खांद्याच्या रेषेत आली, की बघितलं म्हणायचं. मी स्वतः मान वळवून कधीच बघत नाही. छोट्या आरशावर आणि शेजारच्याच्या हनुवटीवर माझं भागतं.

तिथेच मी फसले.

टाकीजवळचा रॅम्प चढलो. वहिनीने वेग छान घेतला.

"आरसा," मी म्हटलं.

तिने बघितलं. मोकळा.

"इंडिकेटर."

टक… टक… टक…

"आता खांद्यावरून."

हनुवटी अगदी बरोबर वळली.

आणि तिने कचकन ब्रेक दाबला.

"अगं! गाडी आहे!"

माझा छोटा आरसा रिकामा होता. मागे लांबवर एक ट्रक, ठिपक्याएवढा. बाकी डांबर आणि ऊन.

"कुठे आहे गाडी?"

"आहे ना! शेजारीच आहे!"

तोवर पट्टी संपत आली. तिने घाबरून डावा इंडिकेटर दिला आणि आम्ही मुकाट्याने खाली उतरलो. हायवेच्या पुलाखालून वळसा घातला, पुन्हा वर. पुन्हा आरसा, इंडिकेटर, खांदा… पुन्हा ब्रेक. पुन्हा खाली. हायवेवर न चढताच आम्ही हायवेवरून उतरत होतो. मागच्या सीटवर दादा बसला होता, घरी कंटाळतो म्हणून आलेला.

"प्रदक्षिणा झाल्या असतील तर घरी चला," तो म्हणाला.

मी हसले. वहिनी नाही हसली.

शेवटच्या फेरीला उतरताना वहिनीने इंडिकेटर बंद केला. समोरचा हिरवा बाण विझला. मी स्वतः बघितला विझताना.

टक…

टक…

टक…

"बंद नाही झाला वाटतं," मी म्हटलं.

"झालाय."

दांडी मधोमध होती. बाण विझलेला होता. आणि आवाज येत होता. आमच्या इंडिकेटरपेक्षा संथ. जुन्या गाड्यांचा असतो तसा, जड. माझ्या कानाशी नाही, वहिनीच्या खिडकीच्या बाहेर.

आम्ही रॅम्प उतरत गेलो तसा तो मागे पडत गेला. पुलाखाली पोचलो तेव्हा ऐकू येईनासा झाला. तो वरच राहिला होता.

घरी आल्यावर वहिनीने मला जिन्यात गाठलं.

"राखाडी आहे. जुनी, चौकोनी. आपण हळू झालो की ती हळू होते. आपण पळवली की ती पळते. पुढे जात नाही, मागे राहत नाही. आणि तिचाही इंडिकेटर चालू असतो. डावा."

"वहिनी, तुला हायवेवर जायचं नाहीये म्हणून तुला गाड्या दिसतायत."

"मला जायचंय," ती म्हणाली. "ह्यांचा डोळा जायला आलाय आणि तू मला हे सांगतेस?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझंच तोंड फाटकं.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. टाकीजवळच्या रॅम्पवर ब्रेक मारणारी वहिनी काही पहिली नव्हती. माझे कितीतरी विद्यार्थी नेमके तिथेच कच खायचे. बाकी सगळ्या रॅम्पवर नीट, आणि टाकीजवळ कचकन ब्रेक. मी म्हणायचे, चढ जास्त आहे, घाबरतात बिचारे.

सकाळी मी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. टेलर आहेत, वयस्कर, एकदम शांत माणूस. त्यांनीही तिथे ब्रेक मारला होता आणि माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"काका, त्या दिवशी टाकीजवळ तुम्ही का थांबला होतात?"

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. तो बंद झाला.

"राखाडी गाडी होती, मॅडम."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुम्हाला म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, काका, चष्म्याचा नंबर तपासा. तपासला मी. नंबर बरोबर होता."

दुपारी मी एकटीच गाडी घेऊन निघाले.

कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? इतकी वर्षं दुसऱ्यांना हायवे शिकवणारी बाई स्वतः रॅम्प चढायला घाबरतेय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

रॅम्प चढले. वेग घेतला. आरसा बघितला… मोकळा. बाजूचा आरसा… मोकळा. इंडिकेटर दिला.

आणि मान वळवली.

होती.

माझ्या उजव्या दाराच्या जरा मागे. हात बाहेर काढला असता तर लागली असती. राखाडी, चौकोनी, टपावर उडालेला रंग. पुढचा डावा दिवा उघडझाप करत होता. चाकं फिरत होती. इंजिनाचा आवाज नव्हता. वाऱ्याचा नव्हता. फक्त तेवढंच…

टक… टक… टक…

मी आरशात बघितलं. मोकळा रस्ता.

पुन्हा मान वळवली. गाडी.

या वेळी आतला माणूस दिसला. म्हणजे पाठीमागून डोकं दिसलं. त्याची मान मागे वळलेली होती. खांद्यावरून, डावीकडे, मी शिकवते तशीच. पट्टी मोकळी आहे का ते बघत होता. पण बघून झालं की आपण मान सरळ करतो ना? समोर बघतो ना?

त्याने मान सरळ केलीच नाही.

मी लोकांना काय शिकवते ते सगळं विसरले. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि मी त्या पट्टीने खाली उतरले, वहिनीसारखीच. पुलाखाली गाडी उभी केली.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. तिने सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे मला वेड नाही लागलं, एवढंच म्हणाली.

"दुसऱ्या रॅम्पने जाऊ," मी म्हटलं.

पण दुसऱ्या रॅम्पवर बंद पुलाची सगळी वाहतूक वळवलेली. तिथे गाडी अडकली की कधी सुटेल याचा नेम नाही. आणि डॉक्टरीणबाई वेळ संपली की निघून जातात, कुणासाठी थांबत नाहीत.

"टाकीनेच जायचं," वहिनी म्हणाली. "तू शेजारी बस. मी चालवते."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण ह्यांना आंधळं झालेलं बघायची जास्त वाटते."

दादाला आम्ही काही सांगितलं नाही. त्याने चेष्टेवारी नेलं असतं.

इंजेक्शनचा दिवस उजाडला. जेवणं उरकून निघालो. माझीच गाडी घेतली, माझ्या पायाशी ब्रेक हवा म्हणून. वहिनी चाकावर, मी शेजारी, दादा मागे. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. निघताना फाटक लावायच्या आधी त्याने चाचपून कडी शोधली. हाच माणूस दाट धुक्यात पोरांनी भरलेली बस चालवायचा.

रॅम्प आला.

वहिनीने गिअर बदलला, वेग घेतला. पट्टी सुरू झाली.

"आरसा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मोकळा.

"इंडिकेटर."

टक टक टक… आमचा. हलका.

आणि त्याच्या मागून दुसरा…

टक…

टक…

"खांदा," मी म्हटलं.

वहिनीची मान वळली. या वेळी तिच्या हनुवटीकडे न बघता मीही वळले. दोघींनी एकदमच बघितली. तीच. तिथेच. मान मागे वळलेला तोच माणूस.

वहिनीच्या ओठांवरचा रंग उडाला. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला. माझा पाय माझ्या ब्रेकवर. समोर पट्टी भराभर संपत होती. डावीकडे उतरलो की इंजेक्शन गेलं. उजवीकडे जावं तर तो. माझं काम सांगायचं होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

तेव्हा मागून दादा बोलला. अगदी रोजच्या आवाजात.

"अगं, सोड ना त्याला आधी. केव्हाचा इंडिकेटर देतोय बिचारा."

आम्ही दोघी गार.

"उतरायचंय त्याला," दादा म्हणाला. "तुम्ही त्याची जागा अडवून बसलाय. जरा मागे राहा, जाऊ दे."

वहिनीने त्याचं ऐकलं. ती माझं काय ऐकणार, तिने आयुष्यभर गाडीतलं त्याचंच ऐकलंय. तिने वेग हलकेच कमी केला. आमच्यापुढे एका गाडीपुरती जागा झाली.

या वेळी राखाडी गाडी आमच्याबरोबर हळू झाली नाही, पुढे सरकली.

तिचा आवाज माझ्या उजव्या कानातून समोर आला, मग डाव्या कानात गेला. ती आमच्या नाकासमोरून पट्टीत शिरली. इतक्या उन्हात तिची सावली कुठेच पडली नव्हती. आतल्या माणसाने एक हात वर केला. आपण वाट देणाऱ्याला करतो ना, तसा. पण मान तशीच मागे. आमच्याकडे बघतच तो रॅम्प उतरला आणि कठड्याआड गेला.

"आता जा," दादा म्हणाला. "उजवीकडे मोकळं आहे."

वहिनीने पुन्हा वेग घेतला, आरसा, खांदा, आणि लोण्यातून सुरी जावी तशी हायवेत मिसळली. माझ्या इतक्या वर्षांत इतकं सफाईदार कुणी केलं नसेल. पण तिचं कौतुक करायचं मला भान नव्हतं.

वहिनीने विचारलं, "तुम्हाला… दिसली ती गाडी?"

"हो. राखाडी होती. का?"

मी मागे वळून बघितलं. दादा खिडकीकडे तोंड करून निवांत बसला होता.

"दादा, तुला माझा चेहरा दिसतोय?"

"कुठला दिसायला! धूसर आहेस तू. आवाज येतो म्हणून कळतं."

"मग ती गाडी कशी दिसली?"

पहिल्यांदाच त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने उजवा डोळा चोळला. मग सावकाश उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि गेलेल्या डाव्या डोळ्याने खिडकीबाहेर बघितलं. हात काढून मांडीवर ठेवला.

"माहीत नाही," तो म्हणाला. खिडकीची काच वर करून घेतली.

इंजेक्शन वेळेवर झालं. डॉक्टरीणबाई खूश होत्या. असंच चालू ठेवा, हा डोळा वाचेल, म्हणाल्या. वहिनी तिथेच बाकावर बसून रडली. मीही रडले. दादाच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी बांधली आणि आम्ही परत निघालो.

म्हणजे येताना त्याचा फक्त डावा डोळा उघडा होता. गेलेला.

हायवेवरून उतरताना वहिनीने सगळं बरोबर केलं. इंडिकेटर आधी, पट्टीत आल्यावर मग वेग कमी. रॅम्प उतरून पुलाखाली आलो. तिथे रस्ता दोन्हीकडे फुटतो. समोर चिटपाखरू नव्हतं.

"थांब," दादा म्हणाला.

वहिनीने गाडी थांबवली.

"पुढे तो उभा आहे."

मी डोळे फाडून बघितलं. समोर रिकामा रस्ता होता. एक प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर घरंगळत होती.

टक…

टक…

वहिनीने माझा हात घट्ट धरला. नखं रुतली. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला," दादा म्हणाला. "डावीकडे."

आमचं घर डावीकडे आहे.

त्यानंतर मी टाकीजवळच्या रॅम्पवर बरेच विद्यार्थी नेले. एकानेही ब्रेक मारला नाही. खांद्यावरून बघतात, मोकळं असतं, जातात. टेलरकाकांना मुद्दाम गाडीत घालून नेलं. "आता काही नाही मॅडम, रस्ता साफ आहे," ते म्हणाले आणि मान डोलावत हसले.

मला नाही हसू आलं. रस्ता साफ आहे, कारण तो आता तिथे नाही. किती काळ तो वर फिरत होता देव जाणे. कुणीच त्याला जागा देत नव्हतं. सगळे घाबरून त्याच्याच पट्टीने उतरून जात होते. आम्ही शहाणे निघालो. आम्ही त्याला जागा दिली.

दादाचा उजवा डोळा सुधारतोय. ताटातला चमचा दिसतो आता. परवा वहिनीच्या पांढऱ्या केसावरून चेष्टा केली त्याने, तेव्हा तिला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं.

पण संध्याकाळी तो अंगणात खुर्ची टाकून बसतो. फाटकाकडे तोंड करून. आणि मधूनच चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवतो.

या आठवड्यात मला आवाज ऐकू यायला लागला. आधी वाटलं, घड्याळ. मग वाटलं, नळ गळतोय. वहिनीने नळ बघितला, घड्याळातला सेल काढला. आवाज गल्लीतून येत होता. गल्लीत काहीच नव्हतं.

काल मी खाली गेले. दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत चल दादा. गारठा आहे."

"थांब जरा," तो म्हणाला. तळहात उजव्या डोळ्यावर होता. "अजून इंडिकेटर देतोय तो."

विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"कुठल्या बाजूचा?"

"आपल्या."

वहिनी दारात उभी होती. तिने ऐकलं. ती आत गेली, किल्ली घेऊन आली, आणि दादाची जुनी गाडी तिने फाटकाच्या तोंडाशी आडवी लावली. पुढचा बंपर एका खांबाला, मागचा दुसऱ्या. बोटभरही जागा सोडली नाही. तेव्हापासून गाडी तिथेच आहे. आम्ही भिंतीवरून ये-जा करतोय, शेजारचे हसतायत.

रात्रभर आवाज येत होता. घाई नाही त्याला. त्याला वाट बघायची सवय आहे.

उद्या दुपारी दादाचं पुढचं इंजेक्शन आहे. खाडा करायचा नाहीये. माझ्या विद्यार्थ्यांची परीक्षा आहे, मी नसेन, माझी गाडीही नसेल, दोघंच जाणार आहेत. वहिनी आत्ता खाली ओट्याशी उभी राहून उद्याचा डबा भरतेय. मगाशी मी तिला विचारलं, काय करायचं ठरवलंस?

"काय करणार?" ती म्हणाली. "गाडी तर काढावीच लागेल."